खिळीचं भोक

कारखान्यात सगळे त्यांना अंदाजेकाका म्हणत. कुठलंही माप विचारलं की काका आधी व्हर्नियर लावून बघायचे, चष्मा पुसून पुन्हा लावायचे, आकडा सांगायचे आणि मागून हळूच जोडायचे, "अंदाजे." माप केसभरही चुकलेलं नसायचं, पण ते शेपूट काही सुटायचं नाही. साच्याच्या प्रेसवरच्या बायका म्हणायच्या, काकांना स्वतःचं नाव विचारा, तेही अंदाजेच सांगतील.

कारखाना टॅबच्या कव्हरांचा होता आणि त्या धंद्याची एक गंमत होती. लोक टॅब घेतात त्याच दिवशी कव्हर घेतात. महिन्याभराने कुणी घेत नाही; तोवर टॅबला चार ओरखडे पडलेले असतात आणि माणसाने ते मनाला लावून घेणं सोडलेलं असतं. म्हणजे टॅब दुकानात येईल त्या दिवशी शेजारी त्याचं कव्हर टांगलेलं हवं. आणि टॅबची कंपनी तर शेवटच्या दिवसापर्यंत नव्या टॅबचं नखही कुणाला दिसू देत नाही. नवरी पाहिलेलीच नाही आणि तिच्या मापाचं पोलकं शिवायचं, असला प्रकार.

ते न पाहिलेलं माप काढायचं काम काकांचं. दरवर्षी ते ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून पुढच्या टॅबचा नमुना घडवायचे. कानस, पॉलिश कागद, व्हर्नियर आणि डोकं, एवढीच हत्यारं. कुठल्या जाहिरातीत टेबलावर पडलेली सावली, कुठल्या काचवाल्याच्या यादीतला एक आकडा, चार्जिंगच्या स्टँडची खाच, असलं किडूकमिडूक ते वर्षभर वहीत टिपून ठेवत. पण खरा भरवसा त्यांना वेगळ्याच गोष्टीचा होता. मागच्या सगळ्या पिढ्यांचे टॅब ते ओळीने मांडून बसत आणि कंपनीचा हात ओळखायचा प्रयत्न करत. कारखान्यात येण्यापूर्वी त्यांनी उभी हयात एका छापखान्यात ठसे कोरण्यात घालवली होती. तिथे त्यांना अक्षरावरून माणूस ओळखायची सवय लागली होती. हा माणूस 'ल' असा काढतो, तर त्याचा 'ळ' कसा असेल, तसंच काहीसं हे. अकरा वर्षांत अकरा नमुने झाले. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे एकही चुकला नाही. आणि अकराही वेळा साचा कापायच्या आदल्या आठवड्यात काकांनी येऊन सांगितलं होतं की आपलं बहुतेक चुकलंय.

कारखाना त्यांच्या धाकट्या भावाचा. छापखाना बंद पडला त्याच वर्षी काकांची बायको गेली, आणि धाकट्याने काही न विचारता घरातली मागची खोली रिकामी करून दिली. "दादा, तू असलास की मला बरं," एवढंच तो म्हणाला होता. धाकटा बोलका, धडाडीचा, चार माणसांत उठून दिसणारा. त्याला भीती म्हणजे काय ते माहीत नव्हतं. घरातली सगळी भीती थोरल्याच्याच वाट्याला आली होती, असं त्यांची आई म्हणायची. धाकट्याने आयुष्यभर थोरल्याला सांभाळलं, पण कौतुक असं कधी केलं नाही. हातोडीचं कोण कौतुक करतं? ती असते.

या वर्षी गोष्ट निराळी होती. दोन वर्षं मोठ्या कारखान्यांनी बाजार खाल्ला होता. धाकट्याने जुने सगळे साचे मोडीत दिले आणि ठरवलं की या वेळी एकाच टॅबवर सगळा जोर लावायचा: एक साचा, एकच कव्हर, पण पहिल्या दिवशी प्रत्येक दुकानात. त्याने बायकांना बोलावून स्पष्ट सांगितलंही. माल उठला तर कारखाना राहील. नाही उठला तर प्रेस विकावी लागेल, आणि पुढे काय ते त्यालाही माहीत नव्हतं. चौदा बायका होत्या. त्यांतल्या तपासणीच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या बाईंनी तेवढं विचारलं, "आणि काका?" धाकटा हसून म्हणाला, काकांवरच तर सगळं आहे. काकांनी त्या रात्रीचं जेवण अर्धं टाकलं.

या वर्षीचा नमुना फार पातळ होता. वाइसच्या शिकंज्यात धरला की वाकायचा, सैल धरला की निसटायचा. एकदा निसटला तेव्हा कानस सटकून उजव्या वरच्या कोपऱ्याचा टवका उडाला. काकांनी तिथे पुट्टी भरून कोपरा सारखा केला. मग त्यांनी एक युक्ती केली. लाकडी फळीवर बारीक लोखंडी खीळ ठोकली, नमुन्याच्या पाठीला खाली डावीकडे तेवढंच भोक पाडलं आणि नमुना त्या खिळीवर बसवला. आता तो हलेना. काम झालं की भोकातही पुट्टी भरायची असं त्यांनी ठरवलं होतं, पण डबा उघडला तर उरलेली पुट्टी दगडासारखी वाळलेली. नवा डबा आणायचा, असं त्यांनी वहीत लिहिलं आणि ते राहून गेलं.

धाकट्याने नमुना हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. "हे भोक कसलं?" असं त्याने विचारलं खरं, पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. काकांनी तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं.

नमुन्याच्या बाबतीत कारखान्यात एकच कायदा होता. तो पिवळ्या फडक्यात गुंडाळून कपाटात राहायचा आणि त्याचा फोटो कुणी काढायचा नाही. दुसऱ्या कव्हरवाल्यांच्या हाती लागला तर अकरा वर्षांचं शहाणपण फुकट वाटल्यासारखं झालं असतं. हा कायदा धाकट्याने केला होता आणि तो मोडेल अशी शंकाही ज्याच्याबद्दल कुणाला आली नसती असा कारखान्यात एकच माणूस होता.

दुपारच्या सुट्टीत काका आपला जुना, कोपरा तडकलेला टॅब काढून इंटरनेटवरचं एक पान वाचत बसायचे. जगभरचे हौशी लोक तिथे जमून पुढच्या पिढीचा टॅब कसा असेल यावर भांडायचे. एकाचं म्हणणं, तो रुमालासारखा घडी घालता येईल. दुसऱ्याला खात्री होती की त्याला चार्ज करावंच लागणार नाही, हातांच्या उबेवर चालेल. तिसरा सांगायचा की आता काच जाणार, बटणं जाणार, बोलायचीही गरज राहणार नाही. तुम्ही मनात आणाल ते पान उघडेल. त्यावर चौथा म्हणायचा की मग तुझा टॅब कायम कोराच राहील. काका गालात हसायचे. त्या पानावर त्यांनीही नाव नोंदवलं होतं, 'कानस'. तीन वर्षांत त्यांनी तिथे एक अक्षर लिहिलं नव्हतं. तिथली काही माणसं त्यांना शेजारपाजारच्यासारखी ओळखीची झाली होती, आणि त्यांतल्या एकालाही काका आहेत हे ठाऊक नव्हतं. हे त्यांना फार सोयीचं वाटे.

एका मंगळवारी एक जण अगदी ठासून लिहीत होता की नव्या टॅबची पाठ फुगीर असणार, आणि सपाट म्हणणारे गाढव आहेत. काकांना पाठ सपाट आहे हे माहीत होतं. माहीत म्हणजे, अंदाजे. पण त्या माणसाचा तो ठासून बोलायचा सूर त्यांच्या डोक्यात गेला. आयुष्यभर असंच होत आलं होतं. चुकीचं बोलणारा टेबलावर मूठ आपटायचा आणि बरोबर असलेले काका चष्मा पुसत बसायचे. त्यांनी कपाट उघडलं, पिवळं फडकं सोडलं, नमुना पालथा ठेवून फोटो काढला आणि एकही शब्द न लिहिता पानावर टाकला.

पहिली पाच मिनिटं त्यांना तरुण झाल्यासारखं वाटलं. मग लोक तुटून पडले. कोण हा कानस, कुठे काम करतो, हे खरं दिसतंय. फुगीरवाला एकदम गप्प झाला. मग कुणीतरी लिहिलं: ते खाली डावीकडचं भोक कशासाठी आहे? काकांना पुट्टी भरायची राहिल्याचं आठवलं. त्यांनी फोटो काढून टाकला. वर राहिला असेल तो चाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घाबरत घाबरत पान उघडलं तर तिथे एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं: काढून टाकला, म्हणजे खराच असणार.

तीन आठवड्यांत ते भोक मोठं झालं. म्हणजे माप तेवढंच, पण त्याचा बोलबाला झाला. कुणी म्हणालं, लिहायच्या पेनाची जागा आहे. कुणी म्हणालं, दुसरा माईक. एका ठिकाणी मोठा लेख आला की टॅब गरम होतो म्हणून कंपनीने त्याला नाक दिलं आहे. मग स्वच्छ आखलेली चित्रं येऊ लागली, खाली 'आतल्या सूत्रांकडून' असं लिहिलेलं. कुणाचीही सूत्रं असोत, भोक सगळ्यांकडे खाली डावीकडेच होतं. शेवटी एका मोठ्या कारखान्याच्या कव्हराचं चित्र आलं आणि त्यालाही भोक होतं.

ही चित्रं बघताना काकांचं मन विचित्र वागू लागलं. पहिल्या दिवशी ते स्वतःशी म्हणाले, हे माझंच आहे. आठव्या दिवशी म्हणाले, पण एवढी माणसं कशी चुकतील? मोठ्या कारखान्याला काय कमी माणसं आहेत माहिती काढणारी? कदाचित टॅबला खरंच भोक असेल आणि माझी खीळ योगायोगाने तिथे बसली असेल. योगायोग का होत नाहीत? मग रविवारी त्यांना एक जुनं, धूसर चित्र सापडलं. ते सहापट मोठं करून त्यांनी उजवा वरचा कोपरा पाहिला. तिथे पुट्टीचा फिकट डाग होता.

सोमवारी सकाळी सगळं सांगून टाकायचं असं ठरवून ते धाकट्याच्या केबिनमध्ये गेले. धाकट्याने त्यांना पाहिलं आणि तो चक्क खुर्चीतून उठला. टेबलावर त्याने चार-पाच चित्रं छापून पसरली होती.

"दादा, बस," तो म्हणाला. "मला एक सांग. तुला कसं कळलं?"

काकांना वाटलं, सापडलो.

"मी मूर्ख. मला वाटलं तुझ्या हातून चुकून पडलंय ते भोक. म्हटलं दादाचं वय झालं. आणि आता सगळं जग तेच बोलतंय, तू केल्यावर महिन्याने." धाकट्याने चित्रं बाजूला सारली. "एवढी वर्षं तू माझ्या कारखान्यात बसून हे करतोयस आणि मी तुला कधी धड शाबासकीही दिली नाही."

त्याने काकांचा हात धरला. लहानपणी शाळेचा रस्ता ओलांडताना काका त्याचा हात धरत, त्यानंतर तो हात त्यांनी कधी धरला नव्हता. काकांचे डोळे भरून आले आणि ते न बोलता बाहेर पडले. धाकट्याने चष्मेवाल्या बाईंना सांगितलं, बघा, शाबासकी दिली तरी आमचा दादा रडतो.

चार दिवस काका त्या शाबासकीवर जगले आणि तिनेच मरत राहिले. शनिवारी नमुना साचेवाल्याकडे जायचा होता. पोलादात एकदा साचा कापला की मग दुरुस्तीला महिना लागतो, आणि टॅब यायला महिनाच उरला होता. धाकट्याने त्या भोकाभोवती एक देखणी उभारलेली कडी काढायची ठरवली होती, लांबूनही दिसेल अशी. बाकीच्यांच्या कव्हराला नुसतं भोक आहे, आपल्याला कडी हवी, असं त्याचं म्हणणं.

शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर काकांनी सांगितलं. धाकटा होता, त्याची बायको वाढत होती. काकांनी ताटाकडे बघत सगळं ओळीने सांगितलं: नमुना हलत होता, खीळ ठोकली, पुट्टी वाळली होती, फोटो मी काढला, मी टाकला, तिथून सगळीकडे गेला. त्या भोकाचं मूळ आपल्या फळीवरची खीळ आहे, दुसरं काही नाही. सांगून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. आता तो ओरडेल, घराबाहेर हो म्हणेल, काय म्हणायचं ते म्हणो.

धाकट्याने घास खाली ठेवला आणि बायकोकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं. मग दोघंही हसायला लागले.

"भाऊजी," ती म्हणाली, "दुकानात सुटे पैसे परत मागायला तुम्ही मला पाठवता. आणि तुम्ही जगाला फोटो दाखवलात?"

काका म्हणाले की खरंच. कानस या नावाने.

"दादा, मागच्या वर्षी काय म्हणाला होतास? कोपऱ्याची गोलाई चुकली. त्याच्या आधी? कॅमेरा वर सरकलाय. त्याच्या आधी तर साचा कापायच्या दिवशी तुला तापच भरला होता." धाकटा समजावणीच्या सुरात बोलत होता, पोराची अंधाराची भीती घालवायला बोलावं तसं. "दरवर्षी तुझ्या पोटात गोळा येतो. या वर्षी जरा मोठा आलाय, एवढंच."

काका उठले, खोलीतून टॅब आणि त्या संध्याकाळी कपाटातून घरी आणलेला नमुना घेऊन आले. पुट्टी भरलेला कोपरा त्यांनी दिव्याखाली धरला आणि ते धूसर चित्र शोधू लागले. जिथे ते होतं तिथे आता कुणी तेच चित्र झाडूनपुसून, लख्ख करून लावलं होतं. डाग नव्हता. कोपरा आरशासारखा होता. काकांनी अर्धा तास शोधलं. धाकटा शांतपणे जेवला, हात धुऊन आला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, सगळं जग चूक आणि तू एकटा बरोबर, असं कधी झालंय का?"

प्रश्न साधा होता. काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. फुगीर पाठीच्या वेळी झालं होतं, पण ते अजून सिद्ध व्हायचं होतं. बाकी आयुष्यात असं कधी झालेलं त्यांना आठवेना. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांनाही वाटलं की आपण चुकत असू. पुट्टीचा डाग आपल्या डोळ्यातला असेल. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन दोनच वर्षं झाली होती.

शनिवारी साचेवाला नमुना न्यायला आला. गडी कामाचा, बोलायला रोकडा. त्याने चित्रं पाहिली आणि म्हणाला की या सगळ्यांत भोकाचं माप वेगवेगळं आहे, कुणी दोन म्हणतंय, कुणी तीन. मला एक आकडा द्या. धाकट्याने काकांकडे बघितलं. "दादा सांगेल."

काका आपल्या टेबलाशी गेले. फळी तिथेच होती, खीळ तिच्यात अजून उभी होती. त्यांनी व्हर्नियर खिळीला लावला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. नाही म्हणायला एक रस्ता उरला होता: माप देणार नाही म्हणायचं. पण माप विचारलं आणि त्यांनी दिलं नाही असं आयुष्यात घडलं नव्हतं, आणि ते कसं करतात हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"दोन पूर्णांक चार," ते म्हणाले. "अंदाजे."

साचेवाल्याने लिहून घेतलं. शेपूट त्याने लिहिलं नाही.

पुढचा महिना प्रेस बंद झाली नाही. कव्हरं सुरेख निघाली. चष्मेवाल्या बाई प्रत्येक कव्हर नमुन्यावर चढवून बघत आणि भोकाच्या जागी काडी घालून तपासत. काडी बरोबर आत जायची. जायलाच हवी होती. खोकी छतापर्यंत रचली गेली आणि मग दुकानांकडे रवाना झाली. बायका खुशीत होत्या. काकांना त्या आता चहाचा पहिला कप देत.

टॅब जाहीर व्हायच्या दिवशी धाकट्याने प्रेस थांबवली आणि सगळ्यांना मोठ्या पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर एक माणूस आला, बराच वेळ बोलला, मग त्याने नवा टॅब उचलून दाखवला. काकांनी एका नजरेत ओळखलं. रुंदी, गोलाई, कॅमेऱ्याची जागा, सगळं त्यांचंच होतं. इतक्या वर्षांतला सगळ्यात अचूक नमुना. मग त्या माणसाने टॅब पालथा केला.

पाठ सपाट होती. खाली डावीकडे काही नव्हतं. आरशासारखी कोरी पाठ.

मागून एक बाई म्हणाली, "दुसऱ्या बाजूने दाखवेल आता." त्या माणसाने टॅब चारी बाजूंनी फिरवला, चांगला दोनदा. चष्मेवाल्या बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला नाही.

धाकटा खुर्चीत तसाच बसून होता. बायका एकेक उठून गेल्या. काका त्याच्याजवळ उभे राहिले. त्यांना वाटत होतं, याने आता तरी शिव्या घालाव्यात. धाकटा म्हणाला, "तू सांगितलं होतंस," आणि मान खाली घातली. काकांना आजवर कुणी बोललेलं सगळ्यात वाईट वाक्य तेच.

मग जे व्हायचं ते झालं. दुकानांतून खोकी परत यायला लागली. ज्या कव्हराला मधेच एक भोक आणि त्याभोवती एवढी देखणी कडी, ते माणूस हातात घेऊन विचारायचा की हे काय, आणि दुकानदाराला उत्तर यायचं नाही. बायकांनी सुचवलं की भोकात रंगीत बटण बसवू. बसवून पाहिलं; ते जखमेवरच्या पट्टीसारखं दिसायला लागलं. धाकट्याने कव्हरांचे फोटो काढून, कडी, माप, सगळं लिहून इंटरनेटवर मिळेल त्या ठिकाणी ती विकायला लावली. कुणी घेतली नाहीत. महिन्याअखेरीला चौदाच्या चौदा बायका आपापले डबे आणि ॲप्रन घेऊन गेल्या. चष्मेवाल्या बाई जाताना काकांना म्हणाल्या की तुमचं माप मात्र बरोबर होतं. काकांना बरं वाटावं म्हणूनच बिचाऱ्या तसं बोलल्या होत्या.

प्रेस गेली. साचा तेवढा राहिला, कोपऱ्यात, जड पोलादाचा. भंगारवाला गुरुवारी येणार होता.

बुधवारी दुपारी काका सवयीने टेबलाशी बसले होते. बऱ्याच दिवसांनी त्यांनी ते पान उघडलं. तिथे या वर्षीच्या टॅबचं कुणाला काही उरलं नव्हतं. सगळे पुढच्या पिढीवर भांडत होते. घडीवाला होता, उबेवाला होता, फुगीरवालाही परत आला होता. आणि मधोमध एक नवं चित्र होतं, पुढच्या वर्षीच्या टॅबचं. पाठीवर खाली डावीकडे भोक होतं. शेजारी बाण काढून माप दिलं होतं: दोन पूर्णांक चार मिलिमीटर. या मापाला आता पक्का आधार आहे, असं खाली लिहिलं होतं. एका कारखान्याने कव्हरं बनवूनही ठेवली होती, म्हणजे त्यांना आतून कळलं असणार. कंपनीने ते शेवटच्या क्षणी मागे घेतलं, पुढच्या पिढीत नक्की.

काका त्या आकड्याकडे बघत राहिले. त्यांना हसू आलं नाही.

तेवढ्यात धाकटा केबिनमधून जवळजवळ धावतच आला. हातात टॅब, तेच पान. महिनाभर त्याने दाढी केली नव्हती, पण डोळ्यांत जुनी चमक आली होती.

"दादा, वाचलंस? मागे घेतलं होतं. आपण चुकलो नाही, आपण लवकर केलं." तो साच्यापाशी गेला आणि त्यावरची धूळ हाताने पुसू लागला. "हा मोडीत द्यायचा नाही. वर्ष काढू कसंतरी. घराची पुढची खोली भाड्याने देऊ. बाकीची मापं तीच दिसतायत. साचा तयार आहे, दादा, पुढच्या वर्षी सगळ्यांच्या आधी आपण."

काकांनी तोंड उघडलं. सगळं पुन्हा सांगता आलं असतं: खीळ, पुट्टी, फोटो, आणि आता हे माप तू स्वतःच जगाला दिलंस हेही. एकदा सांगितलं होतं तेव्हा तो हसला होता. आता सांगितलं तर तो ऐकेल, हे काकांना दिसत होतं. ऐकेल, आणि मग पुसायला काहीच उरणार नाही.

धाकटा साच्यावर हात ठेवून वाट बघत होता. "तुझा अंदाज काय? येईल ना?"

"येईल," काका म्हणाले.

धाकट्याने मान वर करून त्यांच्याकडे निरखून पाहिलं. काहीतरी राहिल्यासारखं वाटून तो म्हणाला, "अंदाजे?"

"नाही," काका म्हणाले. "नक्की."

मग ते फळीकडे वळले आणि खीळ उपटायला लागले. ती खोल गेली होती. बराच वेळ ते पकडीने ओढत होते, आणि मागे धाकटा फोनवर भंगारवाल्याला उद्या येऊ नकोस म्हणून सांगत होता.